कोकणातल्या घरच्या पूलसाठी औषध: आधी विहीर बघा, मग दुकान

आमच्या पूलचा पहिला उन्हाळा. मे महिन्याचा दुसरा आठवडा, होमस्टेच्या चारही खोल्या भरलेल्या, आणि सकाळी साडेसहाला आमचा माणूस मागल्या दारी येऊन सांगतो, "पाण्यान रंग पकडलान." जाऊन बघतो तर पूलचा तळ दिसेना, पाणी कैरीच्या पन्ह्यासारखं. किट काढून क्लोरीन तपासला तर ३ पीपीएम, म्हणजे हजार लिटरला ३ ग्रॅम. म्हणजे आकड्यांत सगळं ठीक! क्लोरीनच्या टॅब्लेट देणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "अजून चार टाका." टाकल्या. दोन दिवसांनी पाणी आणखी हिरवं.

टॅब्लेटमध्ये खोट नव्हती. मी ऑक्टोबरपासून तेच एक औषध घालत होतो आणि त्यातून क्लोरीनबरोबर आणखी एक द्रव्य पाण्यात साठत होतं, जे मी कधी मोजलंच नव्हतं. शेवटी निम्मा पूल उपसावा लागला. मेमध्ये विहिरीला किती पाणी असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. टँकर आला, पाहुण्यांची माफी मागितली, आणि मग मी या विषयाचा अभ्यास करायला बसलो.

त्यातून एक गोष्ट कळली. पूलच्या औषधांबद्दलचा बहुतेक सल्ला आपल्यासाठी लिहिलेलाच नसतो. पुण्यातला माणूस बोअरच्या जड पाण्याच्या अनुभवावरून बोलतो, परदेशातला तिथल्या नळाच्या पाण्यावरून. आपल्याकडे जांभ्यातून झिरपलेलं हलकं पाणी, दमट हवा, आठ महिने ऊन आणि चार महिन्यांत तीन मीटर पाऊस. औषध निवडायचं ते या सगळ्याकडे बघून. आणि वर्षभर एकच औषध हा हट्ट सोडून.

आधी पूल मोजा

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, एक हजाराने गुणा, लिटर मिळाले. आमचा पूल ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, उथळ टोकाला १.२ आणि खोल टोकाला १.५ मीटर. सरासरी १.३५ धरून २४,३०० लिटर. पुढचे सगळे हिशेब २४,००० लिटरचे आहेत, तुम्ही आपल्या मापाने कमीजास्त करा.

१ पीपीएम म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम. एवढं लक्षात राहिलं की दुकानदाराच्या "दोन झाकणं टाका" या भाषेतून सुटका होते. २४,००० लिटरमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला २४ ग्रॅम क्लोरीन हवा. तो कशातून किती मिळतो ते असं:

- १० टक्क्यांचा लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट): २४० मिली
- ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट: ३७ ग्रॅम
- टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड) ९० टक्के, म्हणजे त्याच त्या पांढऱ्या टॅब्लेट: २७ ग्रॅम
- एसडीआयसी (सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट) ५६ टक्के, दाणेदार: ४३ ग्रॅम
- साधी ब्लीचिंग पावडर, ताजी, ३३ टक्के: ७३ ग्रॅम

हा कागद लॅमिनेट करून पंपाच्या खोलीत लावा. आमच्याकडे दारामागे आहे.

मग विहीर ओळखा

कोकणात शंभर पावलांवर पाणी बदलतं. सड्यावरची किंवा डोंगराच्या पायथ्याची जांभ्यातली विहीर असेल तर पाणी बहुधा हलकं, थोडं आम्लाकडे झुकलेलं आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, कमी असलेलं. बऱ्याच ठिकाणी त्यात लोहही असतं. समुद्रालगतच्या वाडीतली, पुळणीतली विहीर असेल तर शंखशिंपल्यांच्या वाळूतून आलेलं पाणी जड असू शकतं, आणि एप्रिल-मेमध्ये ते मचूळही लागायला लागतं.

घरातल्या बाईमाणसांना हे प्रयोगशाळेआधी माहीत असतं. अंगाचा साबण सुटता सुटत नाही, हात बुळबुळीतच राहतात, ते पाणी हलकं. तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो आणि बंबाच्या आत पांढरा थर धरतो, ते जड. तरी एकदा पाण्याचा नमुना तपासून घ्याच. सामू म्हणजे पीएच, एकूण अल्कलिनिटी, कॅल्शियम कठीणपणा, लोह आणि क्लोराइड, एवढे पाच आकडे मागा. नमुना दोनदा द्या, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा एप्रिलमध्ये, कारण दोन्ही वेळचं पाणी एक नसतं.

लोहासाठी घरचीच एक परीक्षा आहे. पांढऱ्या बादलीत विहिरीचं पाणी घ्या, लिक्विड क्लोरीनचे चार-पाच थेंब टाका आणि दोन तास ठेवा. पाणी चहाच्या रंगावर गेलं तर लोह आहे. पूल भरल्या भरल्या क्लोरीन घातला आणि पाणी तांबूस झालं म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत, त्यांना ते क्लोरीनचं काहीतरी बिघडलंय असं वाटतं. खरं तर विरघळलेलं लोह क्लोरीनने गंजलं आणि दिसायला लागलं, एवढंच. अशा वेळी आधी खायचा सोडा घालून अल्कलिनिटी वर आणा, पीएच ७.२ च्या वर येऊ द्या, क्लोरीन ५ पीपीएमपर्यंत न्या, काही तास पंप फिरवा आणि मग रात्रभर बंद ठेवा. सकाळी तळाला बसलेला तांबडा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा. फिल्टरमधून फिरवलात तर तो बारीक गाळ वाळूतून निसटून परत पूलमध्ये येतो. पुढच्या वर्षापासून भरतानाच पाइपाच्या तोंडाला कापसाचा फिल्टर लावा.

आता यातला निवडीचा भाग. पाणी हलकं असेल तर ते कॅल्शियमसाठी वखवखलेलं असतं, आणि ते कॅल्शियम ते टाइल्समधल्या सिमेंटातून ओढून घेतं. टाइल्सच्या फटी खडबडीत होणं, बोटाने पांढरी भुकटी निघणं ही त्याची लक्षणं. म्हणून सिमेंट-टाइल्सच्या पूलमध्ये कॅल्शियम कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम हवा असं सांगतात. जांभ्याच्या विहिरीत तो कित्येकदा ३०-४० असतो. फायबरचा तयार पूल असेल तर ही काळजी बरीच कमी.

उन्हाचा हिशेब

साध्या क्लोरीनला ऊन खातं. दुपारच्या उन्हात उघड्या पूलमधला निम्मा क्लोरीन तासाभराच्या आतच उडून जातो. त्यावर उपाय म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड. दुकानात त्याला स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं, उन्हाच्या तडाख्यातून वाचवतं आणि लागेल तसं सोडतं.

मात्र हा सावकारी प्रकार आहे. सायन्युरिक जितकं जास्त, तितका क्लोरीन त्याच्याकडे गहाण आणि जंतू मारायला हाताशी उरतो तितका कमी. कामचलाऊ नियम असा की किटवर दिसणारा क्लोरीन (त्यात हा गहाण भागही येतो) नेहमी सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी असावा. सायन्युरिक ४० असेल तर क्लोरीन ३. ते १२० झालं तर क्लोरीन ९ हवा, आणि माझ्या पूलमध्ये त्या मेमध्ये होता ३. शेवाळाला रान मोकळं होतं.

हे सायन्युरिक येतं कुठून? टीसीसीएच्या टॅब्लेटमधून आणि एसडीआयसीमधून. टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिला की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक येतं, एसडीआयसीने दिला की ९. क्लोरीन वापरला जातो, सायन्युरिक जवळजवळ तसंच राहतं. उन्हाळ्यात दिवसाला २ पीपीएम क्लोरीन लागतो असं धरलं तर मार्च ते मे या ९२ दिवसांत नुसत्या टॅब्लेटवर सायन्युरिक ११० पीपीएमने चढतं. ते कमी करायचं घरगुती औषध नाही. पाणी काढणं आणि नवं भरणं हाच खरा मार्ग.

पण निसर्ग तो मार्ग आपल्याला दरवर्षी फुकट देतो, आणि हीच कोकणातली मोठी सोय आहे. रत्नागिरीच्या आसपास वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझ्या पूलचं तोंड १८ चौरस मीटर. त्यावर थेट पडणारं पावसाचं पाणी होतं ५४,००० लिटर, पूलच्या सव्वादोन पट. त्यातलं काही वरच्यावर वाहून जात असेल, तरी गणपतीपर्यंत सायन्युरिक, मीठ, कॅल्शियम सगळं धुऊन जातं. दर पावसाळ्यानंतर आपला पूल कोरी पाटी होतो. घाटावर हे असं होत नाही, म्हणून तिकडचे लोक टॅब्लेटला इतके घाबरतात. आपण घाबरायचं नाही, फक्त महिना बघून वापरायच्या.

औषधं एकेक करून

लिक्विड क्लोरीन. यात सायन्युरिक नाही, कॅल्शियम नाही; मागे राहतं ते थोडं मीठ. पाणी जड असलेल्या वाडीतल्या पूलला हेच पहिलं औषध. अडचण त्याच्या आयुष्याची आहे. ऊष्मा आणि उजेड लागला की त्याची ताकद उतरत जाते. घाट उतरून टेम्पोने आलेला कॅन दुकानाच्या पुढच्या ओट्यावर महिनाभर उन्हात असेल तर लेबलवरच्या १० टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. मी असं करतो: पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार घेतो, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने त्यात बरोबर १ मिली लिक्विड टाकतो, ढवळतो आणि किटने तपासतो. १० टक्के असेल तर ५ पीपीएम दिसायला हवा. अडीच दिसला तर कॅनमध्ये पाचच टक्के उरलंय, डोस दुप्पट करा आणि पुढच्या खेपेला दुकान बदला. जारमधलं पाणी न्हाणीघर धुवायला कामी येतं. एका वेळी पंधरा-वीस दिवसांपुरतंच घ्या, सावलीत ठेवा.

कॅल्शियम हायपोक्लोराइट. जगभर याच्याबद्दल तक्रार एकच, की ते पाण्यात कॅल्शियम वाढवतं आणि थर धरतो. आमच्यासारख्या जांभ्याच्या पाण्याला हीच तर त्याची थोरवी! १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ७ पीपीएम कठीणपणा वाढतो. नोव्हेंबर ते मे, रोजचे २ पीपीएम धरून साधारण २०० दिवसांत ४०० पीपीएम क्लोरीन दिला, तर कठीणपणा २८० ने वाढला. विहिरीचा मुळातला ३० धरला तर मेअखेर ३१० होतो, नेमका हवा तेवढा. पाऊस आला की पुन्हा खाली. पण पुळणीतल्या विहिरीचा आकडा सुरुवातीलाच ३०० असेल, तर मेमध्ये तो ६०० च्या घरात जाईल आणि टाइल्सवर पांढरं खरबरीत कवच चढेल. म्हणून विहीर आधी बघा म्हणतो.

घालताना एका प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या आणि मग त्यात पावडर सोडा, उलट कधीही नाही. ढवळा, पंधरा-वीस मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी पंप चालू असताना सूर्य मावळल्यावर पूलच्या कडेने ओता. तळाचा चुन्यासारखा गाळ बाजूला, तो पूलमध्ये नको.

टीसीसीए टॅब्लेट. हळूहळू विरघळतात, चार दिवस गावाला जायचं असेल तर याच्यासारखं सोयीचं काही नाही. २०० ग्रॅमची एक टॅब्लेट पूर्ण विरघळली की आमच्या पूलमध्ये साडेसात पीपीएम क्लोरीन आणि साडेचार पीपीएम सायन्युरिक येतं. पण ती जबर आम्लधर्मी असते, तिच्या द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास. आपल्या पाण्यात अल्कलिनिटी मुळातच कमी, त्यामुळे पीएच कोसळायला वेळ लागत नाही, आणि मग टाइल्सच्या फटी, पंपाचे लोखंडी भाग, शिडी सगळ्यांवर संक्रांत. टॅब्लेट वापरायच्या त्या आठवड्यात अल्कलिनिटी ८० च्या खाली जाऊ द्यायची नाही. खायचा सोडा ४०० ग्रॅम घातला की २४,००० लिटरमध्ये ती १० ने वाढते. धुण्याचा सोडा पीएच झटकन उडवतो, म्हणून पहिली पसंती खायच्यालाच. टॅब्लेट स्किमरमध्ये (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या, पंपाकडे जाणाऱ्या तोंडात) ठेवू नका. वीज गेली की तिथलं पाणी अ‍ॅसिड होऊन बसतं आणि वीज आल्यावर थेट पंपात जातं. तरंगत्या डब्यात ठेवा, आणि डबा सुतळीने खोल पाण्यात बांधा, नाहीतर पायऱ्यांपाशी अडकून तिथला रंग खातो.

एसडीआयसी लगेच विरघळतं, पाण्याचा पीएच फारसा हलवत नाही. पाहुणे अचानक आले आणि तासाभरात क्लोरीन चढवायचा आहे, तेव्हासाठी एक डबा असू द्या. रोज वापरलंत तर सायन्युरिक टॅब्लेटपेक्षाही वेगाने वाढेल.

साधी ब्लीचिंग पावडर, गावात जिला सगळे टीसीएल म्हणतात. ग्रामपंचायतीच्या गोणीतली मागायला जाऊ नका, ती गावाच्या विहिरीची आहे. विकत घेतलीत तरी आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर लवकर मरते, आणि चुन्याचा गाळ भरपूर. अडीनडीला निवळी करून घालायला ठीक.

मिठाचा पूल. हल्ली प्रत्येक नव्या बंगल्याला हा विकला जातो, "केमिकल नाही, फक्त मीठ" असं सांगून. केमिकल आहे, तेच आहे. लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यातून वीज सोडली की त्यातून क्लोरीन तयार होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम असतं, त्यामुळे समुद्राचं पाणी ओढून आणायची कल्पना असेल तर ती सोडा. यंत्र चांगलं असेल तर रोजची कटकट खरोखर वाचते, हे मान्य. पण आपल्याकडे तीन प्रश्न आहेत. यंत्र पंप चालू असतानाच क्लोरीन करतं, आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्याला वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. दुसरं, पूलच्या कडेला जांभ्याची फरसबंदी असेल तर खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, आत मिठाचे स्फटिक होतात आणि दगड भुगा होऊन सुटायला लागतो. तिसरं म्हणजे पावसाळा. आमच्या मापाच्या पूलमध्ये लिटरला साडेतीन ग्रॅमने ८४ किलो मीठ जातं. त्यातलं बरंचसं पावसाबरोबर ओव्हरफ्लोमधून बाहेर पडणार. कुठे? तुमच्या सुपारीच्या मुळाशी, नाहीतर शेजाऱ्याच्या कलमांत. यंत्र घ्यायचंच असेल तर ओव्हरफ्लोची वाट आधी ठरवा, आणि पाणी चढत्या पीएचकडे झुकतं हे ध्यानात ठेवा.

बाकीच्यांना थोडक्यात उरकतो. ब्रोमीन महाग, त्याला सायन्युरिकचं संरक्षण लागू पडत नाही, उघड्या पूलमध्ये ऊन त्याला खाऊन टाकतं. गरम पाण्याच्या छोट्या टबसाठी ठीक. ओझोन आणि यूव्ही पाइपातून जाणाऱ्या पाण्यापुरते. पूलमध्ये पोहणाऱ्याच्या शेजारी जे घडतं त्याला त्यांचा उपयोग नाही, म्हणजे क्लोरीन लागतोच. तांब्याची यंत्रं शेवाळ रोखतात, पण जंतू फार सावकाश मारतात, आणि तांबं जास्त झालं तर टाइल्सवर डाग पडतात, केसांना हिरवट झाक येते. बिगरक्लोरीनचं बिग्वानाइड क्लोरीनबरोबर अजिबात चालत नाही. एकदा त्या वाटेला गेलात की परतणं खर्चिक.

वर्षाचं वेळापत्रक

मी आता असं करतो.

दसऱ्यानंतर पूल उघडतो तेव्हा सायन्युरिक जवळजवळ शून्य असतं, आणि ऑक्टोबरचं ऊन कडक. म्हणून हा महिना टॅब्लेटचा. दिवसाला २ पीपीएमने पंचवीस दिवसांत ५० पीपीएम क्लोरीन जातो आणि सायन्युरिक आपोआप ३० वर येतं. स्टॅबिलायझर वेगळं विकत घ्यायला नको. पहिला आठवडा तेवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं, कारण तेव्हा संरक्षण नसतं, दुपारी क्लोरीन गायब होतो. ज्याला हे नको त्याने ७२० ग्रॅम सायन्युरिक जुन्या मोज्यात भरून पाणी येण्याच्या तोंडापाशी टांगावं, दोन-चार दिवसांत विरघळतं, आणि पहिल्या दिवसापासून लिक्विड वापरावं. सोबत दर आठवड्याला अल्कलिनिटी बघून खायचा सोडा घालायचा.

दिवाळीच्या सुमाराला सायन्युरिक तपासतो. ३० दिसलं की टॅब्लेट कपाटात. तिथून मेअखेरपर्यंत रोज संध्याकाळी कॅल्शियम हायपोक्लोराइट, जड पाणी असेल तर लिक्विड. क्लोरीन ३ च्या आसपास, भरल्या घरात ४. मार्चमध्ये मोहोर गळतो, वारा सुटला की सुरूच्या काड्या येतात, आणि पाहुणे डोक्याला खोबरेल चोपडून उतरतात. हे सगळं क्लोरीन खातं. पूलशेजारी न्हाणीघर बांधा आणि उतरण्याआधी साबणाने आंघोळ सक्तीची करा. लोक कुरकुरतात, कुरकुरू द्या.

पावसाळ्यात बरेच जण पूल बंद करतात. बंद म्हणजे रिकामा नव्हे. जूननंतर जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या पूलला खालून उचलतं, तळ फुटू शकतो, फायबरचा पूल तर होडीसारखा वर येतो. भरलेलाच ठेवा. ढगाळ हवेत ऊन नसतं, त्यामुळे सायन्युरिक धुऊन गेलं तरी बिघडत नाही. दोन-तीन दिवसांनी लिक्विड किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट घालून १ ते २ पीपीएम टिकवला तरी डास आणि शेवाळ दोन्ही आटोक्यात राहतात. सायन्युरिक नसलेल्या पाण्यात पीएच मात्र महत्त्वाचा: ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग कामाच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम चौथाई. आरोग्य खात्याची माणसं डासांसाठी गप्पी मासे सोडायला सांगतात. सोडायचे तर क्लोरीन पूर्ण बंद करा आणि पूल त्यांचा समजा. दोन्ही एकत्र चालत नाही.

मुसळधार पावसानंतर अल्कलिनिटी आधी बघा. पावसाच्या पाण्यात ती नसतेच, आणि ती ५० च्या खाली गेली की पीएच रोज कोलांट्या मारतो. अंगणातलं तांबडं पाणी पूलमध्ये शिरत नाही ना, तेही बघा. एका रात्रीत शिरलेल्या मातीवर कुठलंच औषध चालत नाही, ती उपसावीच लागते.

तपासणी

पिवळा रंग देणारं स्वस्त किट घेऊ नका. ते मोकळा आणि घामासारख्या घाणीशी जखडलेला क्लोरीन एकत्रच दाखवतं, आणि आपल्याला हवा असतो मोकळा. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या. त्याचीही एक खोड आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि शून्य वाटतो. शंका आली तर पूलचं एक माप पाणी पिण्याच्या चार मापांत मिसळून तपासा आणि आकड्याला पाचने गुणा. सायन्युरिकची चाचणी महिन्यातून एकदा पुरते; पाणी गढूळ होत जातं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो, ती सूर्याकडे पाठ करून उभं राहून वाचा.

पूलला "क्लोरीनचा वास" येतो तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाला. बहुधा उलट असतं. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जखडलेल्या क्लोरीनचा तो वास, डोळेही त्यानेच चुरचुरतात. एकूण क्लोरीनमधून मोकळा वजा करा. उत्तर ०.४ च्या वर असेल तर त्याच्या दहापट क्लोरीन एका रात्रीत घाला आणि सकाळी तपासल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका.

एक चाचणी कुणी सांगत नाही, पण मला सर्वांत उपयोगी वाटते. रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे उजाडायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं. तरी एकाहून जास्त पीपीएम कमी झाला असेल तर पाण्यात काहीतरी वाढतंय, अजून डोळ्यांना दिसत नाही एवढंच. त्या दिवशीच उपाय केलात तर हिरवा पूल बघावा लागत नाही.

लहान मुलाकडून पूलमध्ये शी झाली तर सगळ्यांना बाहेर काढा. घट्ट असेल तर ती उचलून टाका, पीएच ७.५ च्या आत आणि क्लोरीन २ ठेवून अर्धा तास थांबा. जुलाब असतील तर गोष्ट वेगळी, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी साध्या क्लोरीनमध्ये कित्येक दिवस तग धरतो. त्यासाठी सायन्युरिक नसलेल्या पाण्यात २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास ठेवतात; सायन्युरिक १५ पर्यंत असेल तर २८ तास. त्याहून जास्त असेल तर आधी पाणी काढून ते उतरवा.

ठेवायचं कुठे

हा भाग वाचूनच खरेदीला निघा. टॅब्लेट आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कोरडे एकमेकांत मिसळले, त्यात ओल लागली, तर आग आणि स्फोट होतो, विषारी वायू सुटतो. पूलच्या पाण्यात विरघळल्यावर दोघं सुखाने नांदतात. डब्यात, बादलीत, मापात, तरंगत्या डोसरमध्ये कधीच नाही. टॅब्लेटच्या डोसरमध्ये दुसरं क्लोरीन भरून बघायचा मोह अनुभवी माणसालाही होतो. नको. पीएच उतरवायचं अ‍ॅसिड लिक्विड क्लोरीनशेजारी ठेवू नका, दोन्ही एकाच बादलीत तर स्वप्नातही नको. त्यातून सुटणारा क्लोरीन वायू बंद पंपघरात माणूस आडवा करतो. दोन्ही घालायची असतील तर मध्ये पंप चालू ठेवून काही तास जाऊ द्या.

आपल्या घरांत पडवी म्हणजे सगळ्याची कोठी: डिझेल, युरिया, सुंभ, पेंढा, खोबरेलाचा डबा. कॅल्शियम हायपोक्लोराइट यातल्या कशाच्याही संपर्कात आलं तर पेट घेऊ शकतं. माझी आता पंपघराच्या बाहेरच्या बाजूला, दोन वेगळ्या भिंतींना, हवा खेळती असलेली दोन छोटी कपाटं आहेत, विटांवर उचलून, कारण खालून ओल येते. पंपघरात एकही डबा नाही, टॅब्लेटच्या वाफांनी पहिल्याच वर्षी स्टार्टरचा पत्रा गंजून गेला होता. एका कपाटात लाल मग, दुसऱ्यात निळा. आमच्या माणसाला वाचायचा कंटाळा आहे, पण रंग चुकत नाही.